खरी कमाई चिपमध्ये
मोलबायो ही निदान-यंत्रं बनवणारी कंपनी कोविडमुळेच मोठी झाली, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. गोव्याच्या या कंपनीचं ट्रूनॅट, म्हणजे रोगजंतूंची जनुकीय तपासणी करणारं छोटं यंत्र, गाजलं ते आधी क्षयरोगासाठी. त्यामागे बंगळूरच्या बिगटेक कंपनीची कित्येक वर्षांची मेहनत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याची शिफारस केली. यंत्र बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही, साधारण तासाभरात निदान. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचं मुख्य औषध लागू पडेल का, त्यासाठी आणखी एक तास. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडे पावसाळ्यात वीज रुसते, तिथे हे फार मोलाचं.

पण प्रत्येक तपासणीला नवी चिप लागते; चिप संपल्या की यंत्र नुसतं शोभेचं! नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या कुणाला या धंद्यात उतरायचं असेल, तर आधी चिप-कार्ट्रिजचं बघा. प्रिंटर एकदाच विकला जातो, शाई कायम.