चोवीस तासांच्या दीदीला सुट्टी द्यायची की नाही?

लोकमान्यनगरची सून
आम्ही इंदूरला. सासरे ८४ वर्षांचे, पार्किन्सन. त्यांना सांभाळायला घरात चोवीस तासांची दीदी, म्हणजे घरातच राहणारी बाई आहे, बुऱ्हाणपूरकडची. मराठी बोलते म्हणून सासरे खूश. परवा सहज म्हणाली, "वहिनी, तीन महिने झाले, घरी गेले नाही." एजन्सीला आम्ही २० हजार देतो, तिच्या हातात १३ पडतात. सासरे रात्री चारदा उठतात, म्हणजे तीही चारदा उठते. मी रविवारची सुट्टी दिली, पगार न कापता. तर शेजारच्या काकू तुटून पडल्या, "तू सगळ्यांच्या बाया बिघडवून राहिलीस!" मी चुकले का?

रामबागचे आजोबा
चुकलीस असं म्हणत नाही, पण सगळ्यांना जमेल असं समजू नकोस. मी ७६ चा, बायकोला लकवा मारून दोन वर्षं झाली. रविवारी बदली बाई आणा, तिचे वेगळे पैसे द्या. नळीतून भरवताना पेशंटचं डोकं उंच हवं, नंतरही अर्धा तास तसंच बसवायचं, हे दर वेळी नव्या बाईला मीच शिकवायचं. सत्तरीवरच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मानचं कार्ड आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. घरातल्या बाईचा एक रुपया त्यातून सुटत नाही. तुमच्याकडे सून आहे. आमच्याकडे मीच.

लोकमान्यनगरची सून
काका, अडचण खरी आहे. पण तुमच्या पेन्शनला जे कमी पडतं ते तिच्या झोपेतून का काढायचं?

बंगळूरवाला
सुट्टीचं नंतर बघू, आधी काम येतं का ते बघा. एजन्सीने माझ्या आईसाठी 'ट्रेन्ड', म्हणजे शिकलेली, म्हणून पाठवलेल्या बाईला दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे ठाऊक नव्हतं. पाठीला जखम झाली, मला कळलं ते पू झाल्यावर. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करायला डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, शिकलेली माणसं, पोलिस पडताळणी, सगळं त्यात होतं. मंजूर झालंच नाही, २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तिच्याबरोबर तेही गेलं. मी खोलीत कॅमेरा लावला. दुसरा उपाय काय?

ड्युटीवाली ताई
मी नऊ वर्षं हेच काम करते, म्हणून लिहिते. दादा, ज्या खोलीत कॅमेरा असतो त्याच खोलीत आम्ही साडी बदलतो. आधी सांगत जा, म्हणजे बाथरूममध्ये जाऊ. शिकवण्याचं म्हणाल तर मला एजन्सीने दोन दिवस शिकवलं. बाकी सगळं पेशंटांनी शिकवलं, त्यात पहिल्या पेशंटचं काय झालं ते विचारू नका. आणि बोली होते फक्त पेशंटच्या कामाची. महिन्याभराने पाहुण्यांचे पोहेही आम्हीच करतो, भांडीही आमचीच.
वहिनी, राग मानू नका, पण रविवारची सुट्टी मला नको. एका दिवसात गावाला जाऊन येणं होत नाही. महिन्याला चार दिवस एकदम द्या. आणि रात्री कुणीतरी एकदा तरी उठा.

८१, अजून शाबूत
सगळे आमच्याबद्दल बोलताय, आम्हाला कुणी विचारलं? माझी दीदी चांगली आहे. जरा जास्तच चांगली. ब्लाउजचे हूक तीच लावते, पोळीचे तुकडे तीच करते. मेथी निवडायला मागितली तर "आजी, राहू द्या." तिचा दोष नाही, मी पडले तर मुलगा तिलाच फाडून खाईल. पण हातांना काम नसलं की ते विसरतात, हे मी वर्षभरात पाहिलं. आता रविवारी दुपारी तीन तास तिला सराफ्यात, राजवाड्यावर, जिथे जायचं तिथे पाठवते आणि वॉकर घेऊन एकटी चहा करते. मुलाला सांगू नका.

बंगळूरवाला
आजी, गॅस!

८१, अजून शाबूत
इंडक्शन आहे रे.

रामबागचे आजोबा
चार दिवस एकदम असतील तर माझी बहीण उज्जैनहून येईल. विचारून बघतो. पगार मात्र कापीन.

लोकमान्यनगरची सून
कापू नका हो काका.

रामबागचे आजोबा
बरं, अर्धा.