मदत हवी आहे: डायलिसिसवर बाबांची लघवी कमी होत चालली
नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले. बाबांचं डायलिसिस दीड वर्षापासून, आठवड्यातून २ वेळा. सुरुवातीला दिवसाला लिटरभर लघवी व्हायची, आता मोजली तर जेमतेम ३०० मिली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी होतेच, पण उरलेली जपा. जितकी लघवी, तितकी पाण्याची मोकळीक. मागच्या महिन्यात मशीनवर दोनदा बीपी एकदम पडलं. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर दुखली म्हणून त्यांनी कोणाला न सांगता दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या. दोन्हींमुळे किडनीचं उरलंसुरलं काम घटू शकतं, हे आम्हाला नंतर कळलं. लय जीव तुटतो.

कोणाच्या घरी लघवी टिकली का? २४ तासांची लघवी गोळा करून तपासणी किती महिन्यांनी करता? आणि मे महिन्याच्या उन्हात पेशंटची तहान कशी सांभाळता?