‘निरपेक्ष लाभ’ ह्यातला ‘पेक्षा’ कुठे गेला?

मंडळी, एक शब्द डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी एमएचा लघुप्रबंध मराठीत लिहितेय, विषय आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सिद्धांत आणि प्रादेशिक आर्थिक धोरण. मी जन्मभर गिरगावात छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे "काका, जरा नजर टाकाल का" म्हणून चाळीस पानं आणून दिली. अर्थशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही पण पहिल्याच पानावर पेन्सिल अडली. वाक्य असं : ‘स्मिथ यांनी निरपेक्ष लाभाचा, तर रिकार्डो यांनी तुलनात्मक लाभाचा सिद्धांत मांडला.’

आता निरपेक्ष म्हटलं की मला आईची माया आठवते. निरपेक्ष लाभ म्हणजे काय, कसलीही अपेक्षा न ठेवता झालेला फायदा? लॉटरी? मुलगी हसायला लागली, म्हणाली नाही हो काका, ॲबसोल्यूट ॲडव्हांटेज, १७७६ सालचा ॲडम स्मिथ, जो देश एखादी वस्तू दुसऱ्यापेक्षा कमी खर्चात बनवतो त्याने ती बनवावी आणि बाकीचं बाहेरून घ्यावं.

दुसऱ्यापेक्षा! तिथेच ट्यूब पेटली. आपला हा ‘पेक्षा’ आलाय संस्कृत ‘अपेक्षा’मधूनच, तिथे अपेक्षेचा एक अर्थ ‘संदर्भ, संबंध’ असाही आहे, म्हणून तर आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद. म्हणजे निरपेक्ष म्हणजे ज्यात ‘पेक्षा’ नाही ते. आणि स्मिथच्या व्याख्येत तर ‘पेक्षा’ चांगला मांडी ठोकून बसलाय.

पुढे रिकार्डो, इंग्लंडचा अर्थतज्ज्ञ, १८१७. तिने आकडे दाखवले. तेवढंच कापड करायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९० आणि वाइनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत पुढे, तरीही हा बाबा म्हणतो इंग्लंडने कापड करावं आणि वाइन पोर्तुगालकडून घ्यावी, कारण इंग्लंडची कापडातली पिछाडी त्यातल्या त्यात कमी. इथे तर दोन ‘पेक्षा’ झाले, एक देशादेशातला आणि एक कापड-वाइनमधला. आणि ह्याला नाव काय, तर ‘लाभ’. दोन्हीत मागे असलेल्याला कसला आलाय लाभ, लाभ व्हायचा तो व्यापार झाल्यावर होणार ना?

मला ‘उजवेपणा’ सुचतोय. थेट उजवेपणा आणि तौलनिक उजवेपणा. कसं वाटतं?

----

काका, कशाला घोळ घालताय. मी बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवतोय, ‘तुलनात्मक लाभ’ पुस्तकात आहे, पेपरात आहे, पोरांच्या तोंडात बसलाय. पारिभाषिक शब्द ही दारावरची पाटी असते, ‘शांतीसदन’मध्ये भांडणं होत नाहीत असं थोडंच आहे. आणि गोंधळ शब्दामुळे होतो हेच मला पटत नाही. उलाम नावाच्या गणितज्ञाने सॅम्युएलसन ह्या अर्थतज्ज्ञाला डिवचलं होतं की तुमच्या सामाजिक शास्त्रांत खरं असेल पण उघड नसेल असं एक तरी विधान सांग, सॅम्युएलसनला उत्तर सुचायला कित्येक वर्षं लागली आणि सुचलं ते हेच, रिकार्डोचं. इंग्रजीतसुद्धा लोकांना ते एका वाचनात समजत नाही, मराठीला कशाला दोष.

‘उजवेपणा’ तर नकोच, पोरं लगेच डावे-उजवे काढतील.

----

डावे-उजवेला हसले :)

सर म्हणतात ते खरं असेल पण मला काकांचा ‘त्यातल्या त्यात’ हा शब्द जास्त आवडला. आमचं लालबागला पोळी-भाजी केंद्र आहे, मी आणि धाकटी जाऊ. मी तासाला ६० पोळ्या लाटते नाहीतर ६ किलो भाजी निवडून चिरते, ती २० पोळ्या नाहीतर ४ किलो भाजी. दोन्हीत माझा हात जलद, पण म्हणून मी विळीवर बसले तर दर किलो भाजीमागे १० पोळ्या बुडतात, ती बसली तर ५च. म्हणून पहिल्या दिवसापासून तवा माझा, विळी तिची. सासूबाईंनी वाटणी केली तेव्हा रिकार्डो कोणाला माहीत होता. धाकटीला जाऊन "तुला भाजीत लाभ आहे" म्हटलं तर ती म्हणेल मग गल्ल्यातला जास्त वाटा द्या. "त्यातल्या त्यात तुझा हात भाजीला बरा" म्हटलं की बरोबर कळतं, (आणि रागही येतो तो वेगळा).

----

वहिनींनी खरंच सोपं करून सांगितलं. मी कस्टम्स क्लिअरिंगमध्ये आहे, न्हावा शेवा बंदरात फेऱ्या चालू असतात. काका, त्या प्रबंधात ‘व्यापार विचलन’ आहे का बघा, असणारच. वायनर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५० मध्ये मांडलेलं आहे, दोन देशांनी आपापसात ड्युटी माफ केली की जो माल आधी स्वस्तात तिसऱ्याकडून येत होता तो आता महाग बनवणाऱ्या दोस्ताकडून यायला लागतो, का तर त्याला ड्युटी नाही. आता विचलन म्हटलं की कॉमर्सवाल्या पोराला स्टॅटिस्टिक्सचं प्रमाण विचलन आठवतं. साधं ‘व्यापार वळणं’ म्हणा ना, गाडी वळते, पाणी वळतं, तसा व्यापार वळतो.

पण ह्यात आणखी एक भानगड आहे जी लोक वळण्यातच ढकलतात. भारत-श्रीलंका करार २००० साली लागू झाला, मग तिकडून वनस्पती तूप धो धो यायला लागलं. ते बनतं पामतेलापासून, आणि श्रीलंकेत कुठे एवढं पामतेल पिकतंय? कच्चं पामतेल बाहेरून कमी ड्युटीत तिकडे उतरायचं, प्रक्रिया व्हायची आणि माल फुकटात इकडे. हे वळणं नाही, ही आडवाट आहे. ती बंद करायलाच माल मुळात कुठला हे ठरवणारे नियम असतात, त्यांना कोणी ‘उद्गम नियम’ लिहितं, आमच्यात सरळ ओरिजिन म्हणतात. जकात होती तेव्हा दहिसर आणि मुलुंडचे नाके चुकवून माल आणायचे लोक, तोच प्रकार, २०१७ला जीएसटी आला आणि ते नाके बंद झाले.

----

मी मूळची यवतमाळची, आता मुलुंडला. मला ‘प्रादेशिक’वर बोलायचंय. आसियान ह्या आग्नेय आशियाई गटासारखे देश मिळून करार करतात तोही प्रादेशिक आणि विदर्भ-मराठवाड्याचा असमतोल तोही प्रादेशिक, वाचणाऱ्याने काय समजायचं? पण गंमत म्हणजे ओलिन ह्या स्वीडिश अर्थतज्ज्ञाच्या १९३३च्या पुस्तकाचं नावच आंतरप्रादेशिक आणि आंतरराष्ट्रीय व्यापार असं आहे, त्याच्या लेखी दोन्हीमागचं तत्त्व एकच. तेव्हा शब्द एक राहिला तरी चालेल, फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘राज्यांतर्गत’ जोडा.

आणि सर, बसवलेला शब्द पाटीच राहतो असं नाही. ‘अनुशेष’ बघा. १९८३ मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिने जिल्ह्याजिल्ह्यात रस्ते, सिंचन, शाळा राज्याच्या सरासरीपेक्षा किती कमी ते मोजलं आणि ती तूट म्हणजे अनुशेष. परत ‘पेक्षा’ आलाच. आमच्याकडे पानटपरीवरचा माणूससुद्धा सिंचनाचा अनुशेष म्हणतो, त्याला कोणी कोश दाखवला नाही, त्याच्या शेतात पाणी नव्हतं म्हणून शब्द कळला.

----

सगळ्यांचे आभार. काल मुलीने पानं परत नेली आणि आज गाईडकडून आली. ‘उजवेपणा’वर लाल फुली, ‘तुलनात्मक लाभ’ कायम. सर, जिंकलात. ‘विचलन’चं ‘वळणं’ केलं होतं तिथे समासात प्रश्नचिन्ह आहे पण खोडलेलं नाही. ‘निरपेक्ष’ खोडून गाईडने स्वतःच ‘संपूर्ण लाभ’ लिहिलंय, आता हे काय नवीन? अपूर्ण लाभ कोणता मग?

वहिनींच्या पोळ्यांचं उदाहरण तिने तळटीपेत घातलं होतं, ते मात्र गाईडने तिथून उचलून पहिल्या प्रकरणात घ्यायला सांगितलंय, आकड्यांसकट.