शेतीआधीची टेकाडं

अनेकदा असं सांगितलं जातं की शेतीने पोटाची चिंता मिटली, मगच माणसं मातीची टेकाडं रचू लागली. अमेरिकेत लुइझियाना राज्यातलं पॉव्हर्टी पॉइंट हे प्राचीन ठिकाण मात्र वेगळं सांगतं. तिथलं सर्वांत मोठं टेकाड सुमारे २२ मीटर उंच, साधारण ३४०० वर्षांपूर्वीचं, आणि रचणारे मासेमारी-शिकार करून, कंदफळं गोळा करून जगणारे! टोपल्यांनी माती वाहिली. छेद घेतला की वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे ढीग एकमेकांवर ओतलेले दिसतात. थरांमध्ये पावसाने धुपल्याच्या खुणा नाहीत, म्हणून काही संशोधकांच्या मते सगळं काम तीनेक महिन्यांत उरकलं. म्हणजे माणसं शेकड्यांनी जमली असणार. मला तरी हे एखाद्या मोठ्या धार्मिक मेळ्याचं काम वाटतं. राजाच्या हुकमाची गरजच नव्हती.