कडक भाकरीला पर्याय: शेंगाचटणीचं आम्लेट

कार्ब (कर्बोदकं) कमी करायचे तर सोलापुरात न्याहारीला भाकरीऐवजी काय? भाकरी सोडा, शेंगाचटणी ठेवा. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात कार्ब साधारण 70 ग्रॅम, शेंगदाण्यात 16च्या आसपास.

3 अंडी मीठ घालून फेटा. तव्यावर 2 चमचे तूप, आच मंद. कडा सुटल्या, मध्ये अजून ओलं आहे, तेव्हाच 2 चमचे चटणी आणि मूठभर कुस्करलेलं पनीर पसरून दुमडा. चटणी आधी तुपात टाकली की लसूण-तिखट करपून कडू होतं. अंड्यात फेटली तर उलटताना आम्लेट फाटतं. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली घ्या. विकतची असेल तर साखर-गूळ नाही ना ते वाचा.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर भाकरी बंद करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बघून घ्या, रक्तातली साखर एकदम उतरू शकते.