बोरिवलीच्या पार्कातलं पाणी: तुमचे अनुभव लिहा

पाणकणीस
गेल्या रविवारी लेकीला घेऊन नॅशनल पार्कात गेले होते. फाटकातून आत शिरल्यावर थोडं चाललो आणि पुलावर टेकलो. खाली पाणी वाहत होतं. फार नव्हतं, घोट्याएवढंच, पण तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ. लेकीने विचारलं, "ही कुठली नदी?" म्हटलं, दहिसर नदी. ती लगेच म्हणाली, "काहीही! दहिसर नदी काळी असते."

तिचं काही चुकलं नाही. शाळेच्या वाटेवर रोज रिक्षा त्या नदीच्या पुलावरून जाते आणि पूल आला की आतली सगळी पोरं नाक दाबतात. तुळशी तलाव भरून वाहिला की जे पाणी खाली येतं तीच ही नदी, आणि तबेल्यांचं शेण, नाल्यांची घाण पोटात घेऊन पुढे मनोरीच्या खाडीला मिळते तीही हीच, हे तिला पटवायला मला घरी येऊन नकाशा काढावा लागला.

तेव्हापासून डोक्यात आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी या पार्कात सहली केल्या असतील, कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत तंगडतोड केली असेल, ओढ्यात पाय सोडून बसले असतील. ते इथे लिहा. जुनं, नवं, फजितीचं, काहीही चालेल. फक्त गुपचूप जागांचे पत्ते देऊ नका. उद्या तिथे वेफर्सची पाकिटं पडलेली दिसतील.

जुना बोरिवलीकर
आम्ही त्याला नॅशनल पार्क म्हणायचो नाही, 'कान्हेरीला जाऊ' म्हणायचो. घर स्टेशनच्या पश्चिमेला, म्हणून आधी फाटक ओलांडायचं, मग चालत हायवे गाठायचा. आता मेट्रोला 'राष्ट्रीय उद्यान' नावाचं स्टेशनच झालंय. तेव्हा हायवेवरसुद्धा पोरं न बघता रस्ता ओलांडायची आणि मार खायची.

मे महिन्यात मामाची मुलं आली की एक दिवस ठरलेला. आजी पहाटे उठून दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी करायची. वडील वाटेत कलिंगड घ्यायचे आणि ते आम्ही आळीपाळीने काखेत मारून न्यायचो. मेमध्ये ओढ्याला धार नसे, पण सावलीतल्या एखाद्या डबक्यात हिरवट गार पाणी असे. त्यात कलिंगड ठेवायचं, वर दगड लावायचा. तासाभराने काढलं की फ्रीजमधलं झक मारेल. (फ्रीज आमच्याकडे नव्हताच, तेव्हा तुलना सोयीची.)

पावसाळ्यातली सहल वेगळी. तेव्हा आजी यायची ती पाण्यासाठी. नऊवारीचा काष्टा घट्ट करून ढोपरभर पाण्यात उतरायची आणि खडकावर बसून राहायची. एरवी घरात हिच्या पायाला हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती; तिथे आम्ही नातवंडं तिच्या पोटऱ्यांवर ओंजळीने पाणी उडवायचो आणि ती हसायची. वडिलांनी एकदा "आई, निमोनिया होईल" म्हटलं. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही.

आता त्या जागी गेलो तर उतरू देत नाहीत. बरोबरच असेल. मी जाऊन उभा राहतो आणि परत येतो.

डबेवाली
कान्हेरीच्या पायऱ्या. स्टीलचा डबा. थालीपिठं. डबा उघडला आणि लोणी पसरायला मान खाली घातली एवढाच माझा गुन्हा. माकडाने थालीपीठ नाही नेलं, लोण्याची वाटी नेली. वर झाडावर बसून बोट बुडवून चाटली आणि वाटी खाली टाकली, ती माझ्या जाऊबाईंच्या डोक्यावर. त्या आजही म्हणतात की मी नेम धरला होता.

पिशवी पाठीला लावा, हातात लोंबकळत ठेवू नका. खाणं पायथ्याशीच उरकून वर जा.

पोढीवाला
माकडांच्या पलीकडेही कान्हेरी आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बहुतेक लोक तीन नंबरचं चैत्यगृह बघतात, फोटो काढतात आणि खाली येतात. एकूण लेणी १०९ आहेत आणि ती एकाच टेकडीच्या दोन अंगांवर पसरलीत. मधून ओढा जातो. माझं म्हणणं असं की हा ओढा नसता तर लेणीही इथे नसती. शेकडो वर्षं भिक्षू इथे राहिले ते पाण्याच्या भरवशावर. पावसात मुद्दाम जा आणि शिल्पं सोडून पाणी कसं चालतं तेवढंच बघा. कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हाळी कोरल्यात. वरून ओघळणारं पाणी त्या अलगद वळवून लेण्याच्या दारातल्या टाक्यात सोडतात. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं. तिथल्या ब्राह्मी लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय आणि कोणी पोढी दान केली हे आवर्जून कोरलंय. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी वगैरे. आपण बाकड्यावर नाव घालतो तसंच. फक्त त्यांचं अजून वाचता येतं.

जुलैमध्ये एकदा सबंध सकाळ मी एका पन्हाळीशी उकिडवा बसलो होतो. मध्ये पानं अडकली होती, ती काढली. पाणी क्षणभर घुटमळलं आणि मग जुन्या वाटेने टाक्यात पडायला लागलं. बायको छत्री धरून उभी होती. तिचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

महाशिवरात्रीला मात्र जाऊ नका. लेणी बौद्ध असली तरी त्या दिवशी भाविकांची जत्रा भरते, पाय ठेवायला जागा नसते. किंवा मग जत्राच बघायला जा, तीही मजेची असते.

तळवा
शिलोंडा ट्रेल. ही वाट आपली आपण धुंडाळायची नाही. निसर्ग माहिती केंद्रामार्फत गाइडसोबत जायचं असतं. आम्ही बाराजण होतो. मी ऐटीत कपाटातले ट्रेकिंगचे बूट काढले. पाच वर्षं पडून होते. ओढा पहिल्यांदा ओलांडला, दुसऱ्यांदा ओलांडला आणि तिसऱ्यांदा उजव्या बुटाचा तळवा माझ्याआधी पुढे निघून गेला. अक्षरशः तरंगत. बूट न वापरता ठेवले की डिंक कुजतो हे ज्ञान मला पोटरीभर पाण्यात प्राप्त झालं. डाव्या बुटाची नाडी काढून उजवा बांधला. थोड्या वेळाने डावाही गेला.

पण सांगायचं ते वेगळंच. आम्ही एका सपाट खडकावर निवांत बसलो होतो. पाऊस थांबला होता, चक्क ऊन पडलं होतं. गाइड पाण्याकडे बघत होता. अचानक उठला आणि म्हणाला, "सामान उचला, पलीकडे चला, आत्ता." आम्हाला कळेना. पाणी तर तेवढंच दिसत होतं. पलीकडे गेल्यावर त्याने दाखवलं. नितळ पाण्याला चहासारखा रंग चढला होता आणि त्यात काटक्या, वाळकी पानं येत होती. म्हणजे वर डोंगरात पाऊस कोसळतोय. दहा-पंधरा मिनिटांत आम्ही बसलो होतो तो खडक दिसेनासा झाला. डोक्यावर ऊन तसंच होतं.

तेव्हापासून कुठल्याही ओढ्याकाठी गेलो की आधी पाण्याचा रंग बघतो. लोणावळ्यात सासऱ्यांना या कारणावरून उठवलं, काहीच झालं नाही. ते अजून ऐकवतात.

मोकळा श्वास
सगळं वाचून एवढंच वाटतं की आपल्या शहरातल्या पोरांनी स्वच्छ पाण्यात पाय बुडवायचा तरी कुठे? इथे मनाई, येऊरला मनाई, समुद्रात कचरा. सगळीकडे पाटी लावून मोकळे व्हायचं. थोडी उथळ जागा आखून द्या, माणूस बसवा, तिकीट लावा. मी देईन.

काकडी
वरच्यांना उत्तर देते. माझी आई कान्हेरीच्या वाटेवर बसते. मेमध्ये करवंदं, जांभळं, पावसाळा सरताना काकडी, मीठ-तिखट लावून. आमचा पाडा पार्कातच आहे. आमची घरं पार्कच्या आधीपासूनची.

लोक आईला विचारतात, "मावशी, पाणी खोल आहे का?" आई म्हणते, कालपर्यंत नव्हतं, आज माहीत नाही. ते हसतात आणि उतरतात. ओढ्याचा तळ दर पावसात हलतो. गेल्या वर्षी गुडघाभर होतं तिथे यंदा डोह असतो, कारण वरचा धोंडा सरकलेला असतो. आम्ही तिथेच वाढलो तरी पहिल्या मोठ्या पावसानंतर काठी घालून बघितल्याशिवाय उतरत नाही.

आणि उतरलेले लोक काय करतात तेही सांगते. शाम्पूच्या पुड्या. अंघोळच करतात, साबण लावून. खालच्या अंगाला हरणं पाणी पितात. बाटल्या फोडतात त्या काचा कोणाच्या पायात जातात? चप्पल घालून फिरणाऱ्यांच्या नाही. पाटी लागली तेव्हा पाड्यात कोणालाच वाईट वाटलं नाही. आईचा धंदा थोडा बसला तेवढंच.

काकडी घ्यायला या. साल काढू नका म्हणाल तर तिला बरं वाटेल.

मोकळा श्वास
पटलं. साबणाचं मला माहीत नव्हतं. काकडीचा मोसम कधी ते सांगा.

काकडी
गणपतीच्या पुढेमागे.

सलाइन
नर्स आहे, म्हणून नाक खुपसते. पावसात पाण्यात उतरायचा मोह झालाच तर आधी पाय बघा. भेगा, खरचटलेलं, चपलेने घासलेलं काही असेल तर काठावर बसा. उंदराच्या, गुरांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून आत शिरतात. मुंबईत लोकांना लेप्टो म्हटलं की तुंबलेला रस्ताच आठवतो, पण ओढा दिसायला स्वच्छ असला म्हणून सुटका नाही. पाण्यातून आल्यावर पुढच्या काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना पाण्यात गेलो होतो हे स्वतःहून सांगा. कोणी विचारेलच असं नाही.

जांभळी करवी
पाणी नाही, पण त्याच वाटेवरचं. करवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ ला मी नोकरी शोधत होते, आठवड्यातून दोनदा जायचे, सगळे उतार जांभळे. २०२४ ला कडेवर बाळ होतं, एकदाच जमलं, तेही भर दुपारी. २०३२ ला ते बाळ माझ्यापुढे पळेल.

खाऱ्या वाऱ्याचा
नदीकाठी, दहिसरला राहतो. पार्काच्या बाहेरच्या बाजूला. तुम्ही सगळे आतल्या पाण्याच्या गोष्टी सांगताय म्हणून माझी एक. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तो दिवस. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी ओसरल्यावर घरात गाळ, त्या गाळात फ्रीज आडवा, आणि फ्रीजच्या मागे सागाची मोठाली पानं. आमच्या आसपास साग नाही. आई ती पानं गोळा करत बसली होती. म्हणाली, पाहुणे जंगलातून आलेत.

टेक्ससकर
आम्ही ऑस्टिनला. इथे गावाच्या मधोमध बार्टन क्रीकचा हिरवा पट्टा आहे. चुनखडीचे कडे, त्याखालून पायवाट, आणि पाण्यात उतरायला कोणी अडवत नाही. पण पाणी असेल तर! पाऊस झाला नाही की ओढा जमिनीत गडप होतो आणि आपण टॉवेल खांद्यावर टाकून कोरड्या गोट्यांतून चालत राहतो. गडप झालेलं पाणी पुढे झऱ्यांतून वर येतं, त्या तलावाचं पाणी बारा महिने साधारण २० अंशांवर असतं. आईबाबा सांगलीहून आले होते तेव्हा बाबांनी त्यात पाय घातला आणि म्हणाले, "विहिरीचं पाणी आहे रे." मग दोन तास बाहेर आले नाहीत. आई काठावर पुरीभाजीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, कारण तलावाच्या आवारात खाणं न्यायला बंदी आहे आणि तिने तो पदराखालून नेला होता.

ओढ्याकाठची
माझी आई पंचाहत्तरीची. गुडघे गेलेत. कान्हेरीला मिनी बसने नेलं, पायऱ्या बघून म्हणाली, "तू जाऊन ये, मी बसते." मी गेलेच नाही. दोघी खालीच बसलो. शेजारी एक अनोळखी आजोबा दुर्बिणीतून झाडावर काहीतरी शोधत होते. त्यांनी दुर्बीण न विचारता आईच्या हातात दिली. स्वर्गीय नर्तक पक्षी होता, लांब पांढऱ्या शेपटीचा. आईला दुर्बीण जुळवता येईना. ती नुसतीच पानं बघत राहिली आणि "दिसला, दिसला" म्हणाली.

पाणकणीस
सगळ्यांचे आभार. सागाची पानं लेकीला वाचून दाखवली. तिला आता पार्कापासून खाडीपर्यंत नदीच्या कडेने चालायचं आहे. गुगल नकाशात बघितलं तर अर्ध्या वाटेवर भिंती आहेत. तरी जमेल तेवढं चालू. कोणी येणार का?

खाऱ्या वाऱ्याचा
शेवटचा टप्पा माझ्याकडे. चहा आमच्या घरी.

घाईघाईत
इतके अनुभव वाचले आणि आज सुट्टी टाकून आलो. पार्क सोमवारी बंद असतं हे एवढ्या जणांत एकानेही का लिहिलं नाही? फाटकाबाहेर उभा आहे, हातात डबा.

डबेवाली
डब्यात काय आहे?