चवदार तळं: डिसेंबर १९२७ मध्ये थांबायला नको होतं

सावित्रीकाठचा:
परवा महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर तासभर बसलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथेच ओंजळभर पाणी प्यायलं. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, १०८ घागरी पाणी उपसून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. डिसेंबरात हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने पुन्हा जमले आणि कोर्टाच्या मनाईहुकमामुळे तळ्याला नुसती फेरी मारून परतले. माझं ठाम मत, त्या दिवशी पाणी प्यायलाच हवं होतं. हायकोर्टाचा आपल्या बाजूने निकाल यायला १९३७ उजाडलं.

वकिलीण:
अजिबात पटलं नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा बोले ठराव आपल्या बाजूचा, तळं खुलं करणारा १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठरावही. मनाई मोडली असती तर सरकारही सवर्णांच्या पाठीशी उभं राहिलं असतं. मार्चमध्ये घरी परतणाऱ्यांना गावोगाव गाठून मारलं होतं. डिसेंबरात तोच मार पुन्हा कुणाच्या पाठीवर पडला असता? शेवटी अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी असल्याचं विरोधकांना कोर्टात सिद्धच करता आलं नाही.

सावित्रीकाठचा:
ठराव होतेच की! पण तीन वर्षं ते कागदावरच राहिले. ओंजळ भरली तेव्हा त्यांना अर्थ आला.

पाणवठा:
माझी आजी सांगायची, विहिरीच्या कडेला घागर ठेवून उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत तसंच ताटकळायचं. त्यामुळे दहा वर्षं म्हणजे काय, हे मला कळतं. तरीही डिसेंबर वाया गेला असं मी म्हणणार नाही. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने मांडला. परिषदेला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. बाबासाहेबांनी बायकांना वेगळं सांगितलं, अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, जड दागिने टाका. बायकांनी लगेच लुगडी घोट्यापर्यंत नेसली. पायऱ्यांवर बसलात तेव्हा त्या बायका आठवल्या का?

सावित्रीकाठचा:
नाही आठवल्या. लुगड्यांचं मला माहीतच नव्हतं. पाण्याबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.